नाण्यावरचं डोकं कुणाचं? अलेक्झांडर, त्याचे सरदार आणि त्यांची चांदी

कोरडी_भेळ (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर नाण्यांवरून जुंपली होती तिथे प्रतिसाद द्यायला बसलो आणि तो एवढा लांबला की म्हटलं वेगळा धागाच काढावा. तिथे एकाने लिहिलं होतं की "अलेक्झांडर कसा दिसायचा ते त्याच्या नाण्यांवरून कळतं". माझं म्हणणं असं की जिवंतपणी त्याने पाडलेल्या नेहमीच्या चांदीच्या नाण्यावर त्याचा चेहरा बहुतेक नाहीच, आणि जिथे तो खात्रीने आहे ती नाणी तो मेल्यानंतरची, दुसऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी काढलेली आहेत.

आपल्याला नाणं म्हटलं की राजाचं डोकं आलंच असं वाटतं, लक्ष्मीपूजनाला घरोघरी व्हिक्टोरिया राणीचे रुपये बाहेर निघतात त्यामुळे ते डोक्यात बसलंय. पण ग्रीकांनी चांगली दोनशेहून जास्त वर्षं नाणी पाडली ती जिवंत माणसाच्या चेहऱ्याशिवाय. अथेन्सचं घुबड घ्या. एका बाजूला अथेना देवी, दुसरीकडे घुबड, बाजूला ऑलिव्हची डहाळी, छोटीशी चंद्रकोर आणि गावाच्या नावाची तीन अक्षरं. चांदी लॉरियनच्या खाणीतली, वजन साधारण 17.2 ग्रॅम. अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस सत्तेत असो नाहीतर त्याचा विरोधक, घुबडाला काही फरक पडत नव्हता. नाणं नगराचं, म्हणून त्यावर नगराची देवता. माणसाने तिथे स्वतःचं थोबाड लावणं म्हणजे देवाच्या पंगतीत पाट मांडून बसणं.

माणसांचे चेहरे आधी आले ते पर्शियन साम्राज्याच्या कडेला. आजच्या तुर्कस्तानातले पर्शियन सुभेदार, म्हणजे सत्रप, आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या लिशियातले छोटे राजे. त्यातल्या लिमिराच्या राजाचं नाव पण पेरिक्लिसच (अथेन्सवाला नव्हे), त्याने इ.स.पू. चौथ्या शतकात नाण्यावर स्वतःचा जवळपास समोरून दिसणारा दाढीवाला चेहरा काढून घेतला.

मॅसेडोनियाचा फिलिप, म्हणजे अलेक्झांडरचा बाप, हुशार माणूस. त्याच्या चांदीच्या नाण्यावर पुढे झ्यूस आणि मागे घोड्यावर बसलेला पोरगेला जॉकी, हातात विजयाची पामची फांदी. इ.स.पू. 356 मध्ये ऑलिम्पिकला फिलिपचा घोडा जिंकला त्याची ही जाहिरात. दक्षिणेकडचे ग्रीक मॅसेडोनियन लोकांना अर्धवट रानटी समजायचे आणि ऑलिम्पिकला फक्त ग्रीकांनाच भाग घेता यायचा, त्यामुळे त्या एका घोड्यात "आम्ही पण ग्रीकच" हे सगळं येऊन गेलं. स्वतःचं तोंड न दाखवता राजकारण कसं करायचं याचा नमुना आहे हा.

अलेक्झांडरने तेच पुढे नेलं. पुढच्या बाजूला सिंहाचं कातडं डोक्यावर ओढलेला हेराक्लिस, सिंहाचे पंजे गळ्याशी गाठ मारलेले. मागे सिंहासनावर झ्यूस, उजव्या हातावर गरुड, डाव्या हातात राजदंड आणि बाजूला उभ्या अक्षरांत "अलेक्झांडरचं". हेराक्लिस हा त्याच्या घराण्याचा मूळपुरुष मानलेला, त्याच्या आधीच्या मॅसेडोनियन राजांच्या नाण्यांवर पण तो आहेच. खरी गंमत मागच्या झ्यूसमध्ये आहे. टार्ससच्या टांकसाळीत मझायोस नावाच्या पर्शियन सत्रपाची नाणी निघायची, त्यावर असाच सिंहासनावर बसलेला स्थानिक देव बाल. अलेक्झांडरचा झ्यूस त्याच्याशी एवढा जुळतो की ग्रीक शिपायाने बघितलं तर झ्यूस, तिथल्या व्यापाऱ्याने बघितलं तर त्याचा बाल. दोघेही खूश.

आता इ.स.पू. 323. बॅबिलोनमध्ये अलेक्झांडर मेला, वय 32. वारस म्हणजे एक मतिमंद म्हणून ओळखला जाणारा सावत्र भाऊ आणि एक अजून जन्मालाच न आलेलं पोर. सरदारांनी प्रांत वाटून घेतले आणि मग वीस वर्षं एकमेकांच्या उरावर. यातल्या कुणाकडेच राजरक्त नव्हतं. नाण्यावर अलेक्झांडरचा चेहरा येतो तो इथे.

टॉलेमीने सगळ्यात आधी डाव साधला. त्याने अलेक्झांडरचं प्रेतच वाटेत पळवलं आणि इजिप्तला नेलं. त्याच सुमारास, इ.स.पू. 320 च्या आसपास, त्याच्या नाण्यावरचा हेराक्लिस गेला आणि अलेक्झांडर आला, डोक्यावर सिंहाऐवजी हत्तीचं सोललेलं कातडं, सोंड कपाळावरून वर वळलेली आणि सुळे पुढे. हा हत्ती भारताचा, म्हणजे झेलमच्या मोहिमेची आठवण. कानापाशी मेंढ्याचं शिंग, ते इजिप्तच्या अमोन देवाचं, कारण तिथल्या वाळवंटातल्या सिवाच्या ओॲसिसमधल्या पुजाऱ्याने अलेक्झांडरला देवाचा मुलगा म्हटलं होतं. प्रेत आमच्याकडे, चेहरा आमच्याकडे, म्हणजे गादीही आमचीच.

लायसिमॅकस हा त्याच सरदारांतला, त्याची नाणी तर कलेच्या दृष्टीने मला सगळ्यात आवडतात. इ.स.पू. 297 च्या सुमाराला सुरू झाली. अलेक्झांडरचं डोकं, डोळा वर आकाशाकडे लागलेला, केस कपाळावरून उसळून मागे गेलेले, कानाभोवती वळसा घातलेलं शिंग, त्यावरून बांधलेली राजपट्टी आणि तिची टोकं मानेमागे उडतायत. मागे बसलेली अथेना, तिच्या हातावरची इवलीशी विजयदेवता काय करते, तर लायसिमॅकसच्या नावावरच माळ चढवते! चेहरा मेलेल्याचा आणि नाव जिवंताचं. चौकातल्या फ्लेक्सवर वर मोठ्या साहेबांचा फोटो आणि खाली आपल्या नावाची ठळक अक्षरं, तोच प्रकार. आणि या पठ्ठ्याने स्वतःचा चेहरा नाण्यावर शेवटपर्यंत टाकला नाही.

टॉलेमीने मात्र टाकला. इ.स.पू. 306 मध्ये अँटिगोनस आणि त्याचा मुलगा डिमीट्रियस यांनी स्वतःला राजे म्हणवून घेतलं, मग बाकीचे कशाला मागे राहतात, वर्ष-दोन वर्षांत सगळेच राजे झाले. त्यानंतर टॉलेमीच्या चांदीवर टॉलेमीच दिसायला लागला, आणि अलेक्झांडरच्या सरदारांमध्ये हा पहिला मान बहुतेक अभ्यासक त्यालाच देतात. नाण्याचा मोठा फोटो काढून बघा, देखणा म्हणवत नाही. हनुवटी पुढे आलेली, भुवया जाड, डोळे खोल गेलेले, गाल भरलेले. पण केसांत राजपट्टी, गळ्याशी झ्यूसचं कवच आणि मागे विजेवर उभा गरुड. कानामागच्या केसांत एक बारीकसा डेल्टा कोरलाय, लोक म्हणतात ती कारागिराची सही असावी. हा गरुड पुढे क्लिओपात्रापर्यंत, म्हणजे पावणेतीनशे वर्षं, त्या घराण्याच्या नाण्यांवर बसून राहिला.

डिमीट्रियसने बैलाची शिंगं लावून घेतली, सेल्युकसने झ्यूसच्या मागे हत्तींचा रथ काढला (हत्ती आपल्या चंद्रगुप्ताने दिलेले, तहात पाचशे). सगळ्यांचं सांगता येणार नाही, पण बॅक्ट्रिया राहिलंच, त्यावर कुणी लिहिलं तर बरं.

---

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

दुपारची_डुलकी

लेख झकास पण दोन ठिकाणी सहमत नाही.

एक, हेराक्लिस म्हणजे अलेक्झांडर नाहीच असं इतकं ठामपणे म्हणू नका राव. सायडनला सापडलेली ती दगडी शवपेटी, इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे, तिच्यावर घोड्यावरच्या अलेक्झांडरने सिंहाच्या तोंडाचंच शिरस्त्राण घातलंय. म्हणजे त्याच्या माघारी थोड्याच वर्षांत लोक त्याला त्या वेशात बघत होतेच ना. काही टांकसाळींची नाणी बघितली तर तो हेराक्लिस कमी आणि पंचविशीतला कुणीतरी ओळखीचा पोरगा जास्त वाटतो.

दोन, तुम्ही लोक चेहऱ्याचं फार कौतुक करता. सामान्य माणूस चांदी बघत होता, वजन बघत होता. किती तरी नाण्यांवर छिन्नीचे घाव आहेत, आत तांबं नाही ना हे बघायला मारलेले, आणि ते घाव सरळ देवीच्या गालावर. कोण बसलंय निरखत?

---

कोरडी_भेळ

@दुपारची_डुलकी, शवपेटीचा मुद्दा मान्य, म्हणूनच वर "बहुतेक" लिहिलंय. पण क्रम बघा ना. मॅसेडोनियन राजांचा जुना हेराक्लिस आधी, मग अलेक्झांडरचा हेराक्लिस, मग तो मेल्यावर लोक त्या चेहऱ्यात अलेक्झांडर बघायला लागले. नाणं तेच राहिलं आणि बघणारा बदलला. आणि ही नाणी त्याच्या मृत्यूनंतरही वेगवेगळ्या गावांनी त्याच्याच नावाने पाडणं चालू ठेवलं, दोनशे वर्षांच्या आसपास. त्यामुळे "अलेक्झांडरचं नाणं" म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं तो गेल्यावरचं असतं. ढोबळ खूण म्हणजे झ्यूसचे पाय. दोन्ही पाय समांतर असतील तर बऱ्याचदा आधीचं आणि एकावर एक टाकलेले असतील तर नंतरचं. टांकसाळीगणिक अपवाद आहेत, याच्यावर पैज लावू नका.

जिवंतपणीचा खात्रीचा अलेक्झांडर बघायचाच असेल तर ती मोठी हत्तीवाली पदकासारखी नाणी आहेत, ज्यांना पोरस मेडॅलियन म्हणतात. एका बाजूला घोडेस्वार भाला घेऊन हत्तीवरच्या दोघांच्या मागे लागलाय, मागच्या बाजूला उभा अलेक्झांडर, हातात वीज, म्हणजे थेट झ्यूसचं हत्यार, आणि वरून विजयदेवता माळ घालायला येतेय. ही बॅबिलोनला पाडली असावीत असं मानतात. मोजकीच सापडलीत आणि त्यावर तो आहे नखाएवढा, चेहरा म्हणून ओळखण्यासारखं काही नाही.

वजनाचं म्हणाल तर तुमच्याशी सहमत आणि असहमत दोन्ही. इ.स.पू. 324 मध्ये ओपिसला अलेक्झांडरने दहा हजार जुन्या मॅसेडोनियन शिपायांना घरी पाठवलं, प्रत्येकाला पगार सोडून वर एक टॅलेंट. एक टॅलेंट म्हणजे 6000 ड्राख्मा (ड्राख्मा हे ग्रीकांचं चांदीचं चलन), म्हणजे चार ड्राख्मावाली 1500 नाणी, म्हणजे माणशी जवळपास 26 किलो चांदी. आता हा शिपाई गावी गेला, जमीन घेतली, पोरीचं लग्न केलं, तर त्याच्या हातून 1500 वेळा तो सिंहाच्या कातड्यातला चेहरा कुणाच्या तरी तळहातावर पडला. ज्या काळात छापील कागद नाही तिथे एवढ्या लोकांच्या हातात एकच चित्र पोचवायचं दुसरं साधन कुठलं होतं सांगा. निरखत बसायची गरजच नाही, सवय झाली की काम झालं.

आणि टॉलेमीने तर वजनातही राजकारण केलं. बाकी जग 17 ग्रॅमवर असताना त्याने आपलं नाणं टप्प्याटप्प्याने साधारण 14.2 ग्रॅमवर आणलं आणि इजिप्तमध्ये परकी नाणी चालणं बंद. बंदरावर उतरलात की तुमची जड नाणी द्या आणि आमच्या राजाच्या चेहऱ्याची हलकी घ्या. नाण्यामागे तीन ग्रॅम चांदी खजिन्यात! तिथे चेहऱ्याचा अर्थ सरळ होता, हा माणूस म्हणतो म्हणून 14 ग्रॅमला किंमत आहे.

---

शेंदरी

नेहमीप्रमाणे राण्या गाळल्या. घ्या मग माझ्याकडून.

आर्सिनोई दुसरी, दुसऱ्या टॉलेमीची सख्खी बहीण आणि बायको (हो, दोन्ही). ती गेल्यावर नवऱ्याने तिला देवी केलं आणि तिच्या नावाची दहा ड्राख्मांची भलीमोठी चांदीची नाणी काढली. डोक्यावरून पदर, त्याखाली मुकुट, कानाशी तेच मेंढ्याचं शिंग, मागे फळांनी भरलेली जोड-शिंगं. डोळे जरा मोठे आणि बाहेर आलेले, ते या घराण्याच्या नाण्यांवर पुढेही दिसत राहतात.

पण माझी लाडकी म्हणजे क्लिओपात्रा थेआ, सीरियाची. ही इजिप्तची राजकन्या, एकामागून एक तीन सेल्युसिड, म्हणजे सेल्युकसच्या घराण्यातल्या, राजांशी लग्न लावलं गेलं. पहिल्या नवऱ्याबरोबरच्या नाण्यावर दोघांचे चेहरे एकावर एक सरकवलेले आहेत आणि तिचा चेहरा पुढे, नवरा मागून डोकावतोय! जावई कुणाच्या जिवावर राजा झालाय ते सासऱ्याने असं सांगितलं. इ.स.पू. 125 च्या सुमारास काही काळ तर तिने एकटीच्या चेहऱ्याचं चांदीचं नाणं पाडलं. मग मुलाला बरोबर घ्यावं लागलं, तर नाण्यावर परत आई पुढे आणि मुलगा मागे. शेवट कसा, तर जुने इतिहासकार सांगतात की तिने त्या मुलाला विषाचा प्याला पुढे केला आणि त्याने तिलाच तो प्यायला लावला. त्यानंतरच्या नाण्यांवर मुलगा एकटा, मोठ्या बाकदार नाकासकट.

तिच्या दुसऱ्या नवऱ्याची नाणी पण बघा, डिमीट्रियस दुसरा. आधी गुळगुळीत दाढी केलेला पोरगा. मग पार्थियन लोकांनी त्याला पकडलं, जवळपास दहा वर्षं कैदेत ठेवलं, तिथल्या राजकन्येशी लग्नही लावून दिलं. सुटून परत आला आणि नाण्यावर चक्क लांब दाढी! अलेक्झांडरपासून ग्रीक राजे दाढी काढायचे, आणि हा शत्रूकडची फॅशन घेऊन आला. प्रजेला काय वाटलं असेल ते नाणं हातात घेऊन.

जाता जाता, शेवटच्या क्लिओपात्राचं सौंदर्य सिनेमापुरतंच. अँटनीबरोबरच्या तिच्या चांदीच्या नाण्यांवर नाक बाकदार, हनुवटी टोकदार, मान जाड. तिला सुंदर दिसायचंच नव्हतं, तिला अँटनीच्या बरोबरीची आणि टॉलेमींची वारस दिसायचं होतं.

---

ठोकठोक

टूलरूममध्ये आयुष्य गेलं म्हणून या बाजूने लिहितो, इतिहासातलं कळत नाही. ही नाणी कशी पाडायचे ते कळलं की चेहरा नेहमी एका ठरावीक बाजूलाच का, ते जरा समजतं.

दोन डाय, म्हणजे कोरलेले ठसे. खालची ऐरणीत बसवलेली, वरची म्हणजे हातात धरायचा पंच. मध्ये तापवलेली चांदीची चकती, वरून घण. खालच्या डायला ऐरणीचा आधार असतो म्हणून ती जास्त टिकते, वरचा पंच घणाचा मार थेट खातो म्हणून लवकर फुटतो. त्यामुळे एका खालच्या डायबरोबर दोन-तीन पंच वापरून संपलेले सापडतात. जास्त मेहनतीचं कोरीव काम साहजिकच टिकणाऱ्या डायमध्ये जाणार, म्हणून चेहरा खाली. आणि सगळं उलटं कोरायचं, खोलगट, चेहऱ्याचा सगळ्यात उंच भाग म्हणजे गाल तो डायमध्ये सगळ्यात खोल. भिंगाचा पुरावा म्हणावा तसा नाही म्हणतात, तरी कोरलंय ते बघून हात जोडावेत. कानाच्या पाळीएवढ्या जागेत शिंगाच्या आडव्या वळ्या!

आजच्या नाण्याला एवढा उठाव देता येत नाही, चळत लागली पाहिजे ना. यांना चळतीची फिकीर नव्हती, म्हणून त्या चेहऱ्यांना असा खरा उठाव आहे. झीज पण त्याच क्रमाने, आधी गाल आणि कानावरचे केस, शेवटी मानेकडचा भाग.

आणखी एक. प्रत्येक डाय हाताने कोरलेली म्हणजे प्रत्येक डायमधला टॉलेमी थोडा वेगळा. त्यामुळे "खरा कसा दिसायचा" याला अर्थ नाही, कारागिराने समोरचा नमुना बघून काढलाय, माणूस बघून नव्हे.

---

नवखा_संग्राहक

सुंदर धागा. एक भाबडा प्रश्न, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकजण "सिकंदरचं ओरिजिनल चांदीचं नाणं" पाच हजाराला देतोय. घेऊ का?

---

ठोकठोक

कडेला बारीक शिवण दिसतेय का बघा, म्हणजे दोन साच्यांत ओतलेलं. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे म्हणजे ओतताना हवा राहिली. घणाने पाडलेल्या नाण्याला कड अनेकदा फुटलेली, चिरलेली असते, गोल गुळगुळीत असेल तर शंका घ्या.

---

दुपारची_डुलकी

आणि खरं निघालं तर जास्त पंचाईत. आपल्याकडे 1972 चा पुरावशेष कायदा आहे, देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि जमिनीतून निघालेलं असेल तर 1878 चा निखात निधी कायदा लागतो, कलेक्टरला कळवावं लागतं. फोटो बघायची हौस असेल तर अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीने अलेक्झांडरची आणि सेल्युसिडांची नाणी फोटोसकट ऑनलाइन टाकलीत, फुकट आहे, वजनं दिलेली आहेत. पाच हजार वाचवा आणि ते बघा.

---

गोदाकाठ

बॅक्ट्रियाचं मी लिहितो, आणि मग तिथून सरळ आमच्या नाशिकला उतरतो, संबंध खरा आहे, ओढून आणलेला नाही.

बॅक्ट्रिया म्हणजे आजच्या अफगाणिस्तानचा उत्तर भाग आणि आसपास. मुख्य ग्रीक जगापासून तुटलेले हे राजे, पण चेहरे कोरणारे कारागीर त्यांच्याकडे एक नंबर. युथिडेमस पहिला, आधीच्या नाण्यांवर भरदार मध्यमवयीन आणि शेवटच्यांवर गाल लोंबलेला, जबडा जड झालेला म्हातारा. टॉलेमींचे शिल्पकार पण एवढं खरं काढत नव्हते. अँटिमॅकसच्या डोक्यावर मॅसेडोनियन पसरट टोपी आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू. युक्रेटिडिसने शिरस्त्राण घातलंय, त्यावर बैलाचं शिंग आणि कान, आणि स्वतःला सरळ "महान राजा" म्हणवतो. त्याचंच सोन्याचं ते राक्षसी नाणं, 169 ग्रॅमचं, आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यानेच आईबापांचं पण नाणं काढलंय. त्यात गोम अशी की आई लाओडिकीच्या डोक्याला राजपट्टी आहे आणि बाप हेलिओक्लिसच्या नाही. म्हणजे राजरक्त आईकडून आलंय असं पोराने जगाला सांगून टाकलं.

पण धाग्याच्या मूळ मुद्द्यासाठी सगळ्यात भारी माणूस अगाथोक्लिस, इ.स.पू. 180 च्या आसपासचा. याने तीन प्रकारची चांदी पाडली. एक, ग्रीक वजनाची, त्यावर स्वतःचा चेहरा. दोन, त्याच वजनाची पण चेहरे मेलेल्यांचे, अलेक्झांडर, डिओडोटस, युथिडेमस वगैरे, प्रत्येकाचं नाव घालून, आणि मागच्या बाजूला "अगाथोक्लिसच्या राज्यात". सगळे आपलेच पूर्वज असल्याच्या थाटात! तीन, भारतीय वजनाची चौकोनी नाणी, आणि त्यावर चेहराच नाही. बॅक्ट्रियातल्या ऐ खानुम या ग्रीक शहराच्या जागी 1970 मध्ये फ्रेंच उत्खननात अशी सहा सापडली. एका बाजूला नांगर-मुसळ घेतलेला संकर्षण म्हणजे बलराम आणि दुसरीकडे चक्र-शंख घेतलेला वासुदेव, एका बाजूचा मजकूर ग्रीकमध्ये आणि दुसरीकडे ब्राह्मी लिपीत राजाचं नाव. म्हणजे एकच राजा, ग्रीक प्रजेला स्वतःचं तोंड दाखवतो आणि हिंदुकुशाच्या अलीकडच्यांना त्यांचे देव. हिकडच्या लोकांना आहत, म्हणजे छाप ठोकून पाडलेल्या, नाण्यांची सवय, त्यावर ठिपके-चिन्हं असायची, कुणाचं डोकं नाही. त्यांच्यासमोर चेहरा टाकून काय मिळणार हे त्याला पक्कं कळत होतं.

मिनँडरपर्यंत, म्हणजे आपला मिलिंद, ती भीड मोडली. त्याच्या छोट्या अडीच ग्रॅमच्या नाण्यावर पुढे चेहरा आणि ग्रीक मजकूर, मागे वीज फेकणारी अथेना आणि भोवती खरोष्ठी लिपीत "महरजस त्रतरस मेनंद्रस". ही नाणी खाली गुजरातपर्यंत आली. पेरिप्लस नावाच्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत, इ.स. पहिल्या शतकातल्या, लिहिलंय की भरुचच्या बाजारात अजून अपोलोडोटस आणि मिनँडरचे जुने ड्राख्मा चालतात. मेल्यानंतर दोनशे वर्षांच्या घरात!

आणि त्याच भरुचवर तेव्हा कोण होतं, तर पश्चिमी क्षत्रप हे शक राजे. त्यातल्या नहपानाने चांदीची नाणी पाडताना आकार, वजन, पुढे चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं हे सगळं उचललं. अक्षरं ग्रीक, भाषा प्राकृत. पलीकडे बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी दोन्ही. मग 1906 साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला ढीग सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा परत ठोकलेला. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जैनी चिन्ह. नाशिकच्या लेण्यात त्याच्या आईने, बलश्रीने, लिहून ठेवलंय की पोराने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निखालस संपवला. इकडे चांदीवर तेच, पण वितळवून नव्हे. बऱ्याच नाण्यांवर डोंगराच्या खालून नहपानाचं नाक, कान, ग्रीक अक्षरांचे तुकडे अजून दिसतात.

---

शेंदरी

@गोदाकाठ दंडवत. पण तो चेहरा खरंच नहपानाचा का? मी जे फोटो बघितलेत त्यात एक तरुण, एक म्हातारा, एकाचं नाक चपटं आणि एकाचं पोपटासारखं.

---

गोदाकाठ

बरोबर पकडलंत. ढीग तपासणाऱ्यांनाही ते खटकलं होतं, चेहरे एका माणसाचे वाटत नाहीत. कुणी म्हणतं घराण्यातल्या वेगवेगळ्या लोकांचे, मला ठोकठोक साहेबांचं वरचं पटतं, कारागीर माणूस बघून कोरतच नव्हता. नाण्यावर एक डोकं पाहिजे एवढंच ठरलेलं, ते डोकं बघून बाजारात नाणं चाललं पाहिजे. अलेक्झांडरच्या सरदारांकडे चेहरा म्हणजे वारशाचा दावा होता, इथे येईपर्यंत तो चांदीचा मार्का होऊन बसला.

---

ठोकठोक

आणि नऊ हजार नाणी वितळवून परत चकत्या पाडण्यापेक्षा आहे तीच तापवून वरून ठोकणं केव्हाही स्वस्त. काम करणाऱ्याने डोंगर चेहऱ्यावर नीट मध्यावर आणायचे कष्ट घेतलेले दिसत नाहीत, घाईचं काम आहे.

---

दुपारची_डुलकी

म्हणजे सातकर्णीला चेहरा पुसायचाच होता असं नाही, आपलं चिन्ह मारून नाणं चालू ठेवायचं होतं. माझा वजनवाला मुद्दा परत आला बघा.

---

कोरडी_भेळ

असं असतं तर पुढे काय झालं ते कसं समजावणार? गौतमीपुत्राच्या नंतरच्या सातवाहनांनी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञ सातकर्णी यांनी, चांदीची नाणी काढली ती पुढच्या बाजूला राजाचा चेहरा टाकूनच, क्षत्रपांच्याच वजनाची. एरवी सातवाहनांची नाणी शिसं-तांब्याची, त्यावर हत्ती, डोंगर, जहाज. चांदी आली की चेहरा आलाच. पुळुमावीच्या नाण्याच्या एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला द्रविड वळणाची भाषा आहे, दोन्ही ब्राह्मीत. दोन प्रकारच्या लोकांसाठी दोन मजकूर, मिनँडरचीच युक्ती.

---

दुपारची_डुलकी

चांदी आली की चेहरा आला, हेच तर मी म्हणतोय! क्षत्रपांच्या मुलखात चालायला पाहिजे म्हणून. 🙂

---

वाचनमात्र

गोदाकाठ, सातवाहनांच्या चांदीवर वेगळा धागा काढा प्लीज, इथे ग्रीक बाजूलाच राहतील. आणि कोरडी_भेळ, त्या पर्गमॉनच्या फिलेटायरसबद्दल पण लिहा ना, किल्ल्यातले नऊ हजार टॅलेंट सांभाळायला ठेवलेला खजिनदार, स्वतः कधी राजा झाला नाही, आणि त्याच्या वारसांनी पिढ्यानपिढ्या नाण्यावर त्याचाच जाड मानेचा चेहरा ठेवला तो.